अंधार झाला, इंजिन मात्र चालू

निफाड तालुक्यातून आलेलं पत्र, थोडं कापून :

"माझ्याकडे १९९९ मॉडेलची टाटा चारशेसात आहे. सीझनला टोमॅटो, एरवी कांदा, असा माल घेऊन पिंपळगावहून वाशी मार्केटला रात्रीच्या खेपा करतो. चार महिन्यांपासून एक त्रास आहे. चालत्या गाडीत अचानक सगळी लाइट जाते. हेडलाइट, डॅशबोर्ड, हॉर्न, इंडिकेटर, काहीच उरत नाही. इंजिन मात्र चालू राहतं. मिनिट-दोन मिनिटांनी, नाहीतर खड्ड्यात चाक आदळलं की सगळं परत येतं. दोनदा कसारा घाट उतरताना झालं. सकाळी कधीकधी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की नुसता 'टक' असा आवाज येतो आणि डॅशबोर्डसुद्धा काळा पडतो. मग हेल्पर खाली जाऊन लाकडी ठोकळ्याने सेल्फला दोन ठोके देतो, तेव्हा लाइटही येते आणि गाडीही चालू होते. दोन बॅटऱ्या बदलल्या. डायनमो एकदा भरून (आतलं वाइंडिंग नवं करून) घेतला, तो जळाला म्हणून दुसरा टाकला. हेडलाइटचे बल्ब महिन्याला जातात. आता मिस्त्री म्हणतो सेल्फ बदला. मुलगा म्हणतो गाडीच विका. काय करू?"

भाऊ, नमस्कार.

पहिली गोष्ट दुरुस्तीची नाही. हा दोष सापडेपर्यंत रात्रीची खेप घेऊ नका. माल दुसऱ्याच्या गाडीत द्या, भाडं जाईल ते जाऊ द्या. घाटात लाइट गेलेली भरलेली गाडी मागच्या कंटेनरवाल्याला दिसत नाही, आणि तुमच्या शेजारी तो हेल्पर बसलेला असतो. दोनदा निभावलं म्हणून तिसऱ्यांदा निभावेल असं धरून चालू नका.

आता गाडीकडे येऊ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीन-चारदा वाचलं. ठोका दिल्यावर 'लाइटही येते'. चार महिन्यांत हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? मिस्त्रीला बहुधा एवढंच सांगितलं असेल की ठोकला की सेल्फ घेतो. तेवढं ऐकून कुणीही सेल्फच बदलायला सांगेल, कारण आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजले किंवा सॉलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे, संपर्क जळले की ठोक्याने सेल्फ चालतो, हे खरंच आहे. पण सेल्फचे कार्बन झिजल्याने डॅशबोर्ड काळा पडत नाही. कार्बन गेलेला सेल्फ मुळात करंटच घेत नाही, मग दिवे कशाला मंद होतील? ठोक्याने सेल्फ आणि दिवे दोन्ही एकदम परत येत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक रस्त्यावर आहे आणि ठोका पोचतो त्याच ठिकाणी आहे.

ते ठिकाण माझ्या मते सेल्फच्या पाठीवरचा मोठा तांब्याचा बोल्ट. बॅटरीची जाड पॉझिटिव्ह केबल तिथे येते. बहुतेक जुन्या गाड्यांत डायनमोची चार्जिंगची वायर त्याच बोल्टवर बसते, आणि कॅबिनमध्ये जाणारी मुख्य वायरही तिथूनच निघते. एका नटाखाली तीन लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या. हा नट इंजिनवर बसलेला, म्हणजे गाडी चालू असते तोवर तो हलत असतो. त्यावर ऑइल आणि धूळ यांचा थर चढतो, आणि गाडीखाली शिरल्याशिवाय तो दिसत नाही. बॅटरी बदलणारा बॅटरीपाशी थांबतो. डायनमोवाला डायनमो काढून दुकानात घेऊन जातो. या नटापर्यंत कुणी पोचतच नाही.

तुमच्या बाकीच्या तक्रारी यावर लावून बघा. नट ढिला असला की कॅबिनची वायर सुटते तेव्हा अंधार. इंजिन चालू राहतं, कारण तुमच्या गाडीचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे, आणि पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे इंजिन बंद करायला खेचायची केबल आहे. एकदा फिरायला लागल्यावर या इंजिनला विजेची गरज नसते. कधी मात्र उलटं होतं. बॅटरीची केबल सुटते आणि डायनमो व कॅबिन एकमेकांना चिकटून राहतात. फिरणाऱ्या डायनमोच्या समोरून बॅटरी अशी अचानक निघून गेली की त्याचं व्होल्टेज क्षणात उसळतं. ते बॅटरी गिळून टाकत असते, आता ते बल्बवर आणि डायनमोच्या स्वतःच्या डायोडवर येतं. महिन्याला जाणारे बल्ब आणि भरून आणलेला पण जळालेला डायनमो, दोन्हींचा हिशोब इथे लागतो. बॅटऱ्या बिचाऱ्या तुमच्या बहुधा चांगल्याच होत्या. पहिली अजून घरात असेल तर भंगारात घालू नका, चार्ज करून तपासून घ्या.

सकाळच्या 'टक'चं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण ते समजलं की पुढे कुणी तुम्हाला उगाच पार्ट बदलायला लावणार नाही. समजा त्या सांध्यात एक ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा आहे. हेडलाइटचे साधे ६०/५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण १० अँपिअर घेतात. या सांध्यात त्यांचे ०.१ व्होल्ट खर्च होतात, डोळ्याला काही फरक दिसत नाही. आता सेल्फ मारा. तो २५० अँपिअर मागत असेल तर त्याच सांध्यात २.५ व्होल्ट अडकतात. आधीच ओझ्याखाली साडेदहावर उतरलेल्या बॅटरीतून सेल्फपर्यंत आठच पोचतात. त्यात सांधा तापतो, आणखी ढिला होतो, आणि सगळंच कोसळतं. सॉलेनॉइडने 'टक' करून आत ओढलेलं असतं, ते सोडून देतं. म्हणून टेस्ट लॅम्प लावून 'करंट येतोय' म्हणणाऱ्यावर अशा दोषात विसंबून राहता येत नाही. केबलची एक तार शिल्लक असली तरी टेस्ट लॅम्प झकास पेटतो. मोजायचं ते ओझं असताना.

त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. इंजिन बंद करायची केबल ओढून धरायला सांगा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. आता मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटावर टेकवा. खुंटावर म्हणतोय, क्लॅम्पवर नाही. काळी सुई सेल्फच्या त्या बोल्टच्या टोकावर, लगवर नाही. खाली हात घालताना फॅन, बेल्ट आणि फिरणाऱ्या भागांपासून सुया आणि शर्टची बाही लांब ठेवा. हेल्परला सेल्फ मारायला सांगा, पाच-सात सेकंद, जास्त नको. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ती वाट ठीक. एक, दोन, तीन व्होल्ट दिसले तर चोर त्या वाटेवर आहे. मग सुया जवळजवळ आणत जा : खुंट आणि क्लॅम्प, क्लॅम्प आणि केबलचा लग, दुसऱ्या टोकाचा लग आणि बोल्ट. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा उडी मारतो, तिथेच काम करायचं. दर वेळी सेल्फला मिनिटभर विश्रांती द्या, नाहीतर तो तापेल.

तोच प्रयोग निगेटिव्हला करा. बॅटरीचा निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचा उघडा, घासलेला लोखंडी भाग. इथे ०.३ च्या वर गेला तर अर्थिंगमध्ये दोष आहे. इंजिन आणि कॅबिन दोन्ही रबरी माउंटिंगवर बसलेली असतात, हे विसरू नका. रबरातून करंट जात नाही. बॅटरीपासून चासीला, चासीपासून इंजिनला, चासीपासून कॅबिनला अशा पट्ट्या असतात, आणि क्लचचं नाहीतर गिअरबॉक्सचं काम निघालं की इंजिनची पट्टी काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. मग सेल्फचा करंट जिथे वाट मिळेल तिथून, अगदी ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा जातो. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही न बघता आधी अर्थिंगची पट्टी बघा. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा मिचकायला लागतो, तेही अर्थिंगचंच लक्षण.

सेल्फ न मारता आणखी एक मोजणी घ्या. हेडलाइट लावून पॉझिटिव्ह खुंटापासून हेडलाइटच्या प्लगमधल्या करंट असलेल्या वायरपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघा. इथे एक-दीड व्होल्ट हरवत असतील तर त्या बोल्टच्या पलीकडे, म्हणजे चावीचा स्विच, लाइटचा स्विच किंवा फ्यूजबॉक्स यांपैकी कुठेतरी दुसरा सांधाही जळतोय. तुमच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असेल तर त्याच्या पाठीमागचे दोन नट बघा. सगळ्या कॅबिनचा करंट त्यातून जातो आणि ते ढिले झाल्याने अख्खी गाडी अंधारात गेलेली मी पाहिली आहे.

तुमच्या गाडीत मात्र ठोक्याचा पुरावा सेल्फकडे बोट दाखवतोय, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

नट उघडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काढताना तो पहिला, लावताना तो शेवटचा. पॉझिटिव्हवर पाना असताना त्याचं दुसरं टोक चासीला लागलं तर काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको, बिडी तर नकोच. मग तिन्ही लग बाहेर काढून पॉलिश पेपरने तांबं लखलखेपर्यंत घासा. जळून निळा-काळा पडलेला लग घासत बसू नका, बदला. बोल्टही जळून खरबरीत झाला असेल किंवा नट आवळताना जागेवर फिरत असेल, तर आतली जोडणी तुटू शकते. तेव्हा सॉलेनॉइड बदलावाच लागेल, आणि ते मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरेल. तसं नसेल तर सर्वांत जाड केबल सर्वांत आत, मग बाकीच्या दोन, मग स्प्रिंग वॉशर आणि नट. जोर लावून पिरगाळू नका, तांब्याचा बोल्ट मऊ असतो. नट आवळून झाला की नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ मारा. नेलपॉलिश चालतं. पुढे कधी खाली वाकलात तर रेघ मोडलेली दिसली की नट फिरलाय हे लगेच कळेल.

केबल बोटांनी दाबत दाबत पूर्ण लांबी तपासा. चांगली केबल लवचीक असते. कुठे कडक, फुगीर किंवा दाबल्यावर कुरकुरणारी लागली तर आत हिरवा गंज आहे. हे मी एका कांद्याच्या गाडीवर शिकलो, धंद्यात नवीन होतो तेव्हा. सेल्फ घेत नाही म्हणून मी मालकाला नवी बॅटरी घ्यायला लावली, आठवड्याने दुसरी. क्लॅम्प चकाचक, लग चकाचक, मला वाटलं काम चोख केलंय. तिसऱ्या वेळी गाडी मार्केटच्या दारात अडली आणि दिवसभर माल उन्हात राहिला. संध्याकाळी निगेटिव्हची केबल मधोमध कापली तर आतून हिरवी भुकटी सांडली. वरून रबर जसंच्या तसं होतं. त्या मालकाला मी मजुरी परत केली, बॅटऱ्यांचे पैसे मात्र मी परत करू शकलो नाही, आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कुणाला पार्ट घ्यायला सांगत नाही.

नवी केबल घ्याल तर मूळ केबलपेक्षा बारीक घेऊ नका आणि ती अस्सल तांब्याची आहे ना ते टोक खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, खरवडली की पांढरी दिसते. लग मशीनने दाबून बसवलेला हवा. केबलचे केस वळून बोल्टखाली दाबणं, किंवा क्लॅम्प सैल होतो म्हणून खुंट आणि क्लॅम्पमध्ये पत्र्याचा तुकडा नाहीतर खिळा ठोकणं, हे बंद करा. क्लॅम्प नवा घ्या. खुंटावरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुता येते, सोडा फक्त बॅटरीच्या बुचात जाऊ देऊ नका. जोडणी कोरडी आणि घट्ट झाल्यावर मग वरून पेट्रोलियम जेली.

सगळं बसवल्यावर इंजिन चालू करून थोडी रेस द्या आणि बॅटरीच्या खुंटांवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. १३ च्या खाली असेल तर डायनमो चार्ज करत नाही. पंधराच्या वर जात असेल तर कटआउट, म्हणजे डायनमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय, बॅटरी उकळेल आणि बल्ब पुन्हा उडतील. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली चार्ज बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. चावी दिल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा छोटा दिवा लागतो का तेही बघा. बऱ्याच डायनमोंना चार्जिंग सुरू करायला त्याच दिव्यातून पहिला करंट मिळतो. तो दहा-वीस रुपयांचा बल्ब गेला म्हणून लोक अख्खा डायनमो उतरवतात.

डायनमोचा विषय निघालाच आहे तर बेल्टही बघा, अंगठ्याने दाबला की मधोमध साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. यात ब्रेकचाही प्रश्न आहे. बऱ्याच चारशेसातमध्ये ब्रेकचा व्हॅक्युम पंप डायनमोच्या पाठीलाच बसवलेला असतो. तुमच्या डायनमोमागे ऑइलची नळी आणि जाड रबरी पाइप दिसत असेल तर तो तोच. अशा गाडीत बेल्ट तुटला तर चार्जिंग जातंच, पण दोन-चारदा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून घाटात चार्जिंगचा लाल दिवा लागला तर 'बॅटरी पुरेल मार्केटपर्यंत' असा विचार करायचा नाही. गिअर खाली घ्या आणि लगेच गाडी बाजूला लावा.

तुमच्या बाबतीत दोन्ही वेळा इंजिन चालू होतं आणि बेल्ट फिरत होता, म्हणून ब्रेक शाबूत राहिले. दोष काढल्यावरही कधी अशी वेळ आलीच तर चावीला हात लावू नका, इंजिन बंद पाडू नका, गिअर काढू नका. इंजिन आहे तोवर व्हॅक्युम आहे आणि गिअरचा आवरही आहे. वेग कमी करत डावीकडे या. हॅझार्ड लागणार नाही, म्हणून केबिनमध्ये स्वतःची बॅटरी असलेली लाल मिचकणारी टॉर्च आणि परावर्तक त्रिकोण ठेवा. हेल्परने गाडीच्या लगेच मागे उभं राहू नये, त्रिकोण बराच मागे ठेवून स्वतः रस्त्याच्या कडेबाहेर उभं राहावं. चाकांना लावलेले दगड निघताना बाजूला टाका. आपले दगड रात्री दुसऱ्याच्या चाकाखाली येतात.

मोठ्या गाड्या चालवणाऱ्या वाचकांसाठी थोडं. तुमच्याकडे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. टेप किंवा मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून घेतला तर ती सतत उतरलेली राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. वर्षाच्या आत जोडी खराब. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा आणि बॅटऱ्या बदलाल तेव्हा दोन्ही एकदम बदला. बॅटरीचा कट-ऑफ स्विच असेल तर व्होल्टेज मोजताना तोही वाटेत धरा, त्याचे संपर्क आतून जळतात. आणि इंजिन चालू असताना तो स्विच कधीही फिरवू नका. वर डायनमोचं जे सांगितलं, तेच होईल.

निफाडच्या भाऊंना आणखी दोन कामं सांगतो, पण ती सवडीने. कॅबिनकडे जाणाऱ्या मुख्य वायरला सुरुवातीलाच फ्यूज नसेल तर बसवून घ्या. जुन्या गाडीत ही वायर वर्षानुवर्षं चासीला घासत जाते, आणि फ्यूज नसताना ती टेकली तर आग लागते. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कुणी घातली असेल तर आजच काढा. दुसरं म्हणजे हेडलाइट रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या, म्हणजे सगळा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून जाणार नाही.

मुलाचं म्हणणं. एवढ्यासाठी गाडी विकू नका. हा दोष एका नटाचा, फार तर एका केबलचा किंवा सॉलेनॉइडचा आहे, आणि आहे त्या अवस्थेत विकलीत तर तो अंधार तुम्ही दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती द्याल. दुरुस्त झाल्यावर विकायची की ठेवायची ते घरात बसून ठरवा. मुलाला मात्र मोजणीच्या वेळी सोबत घ्या. एकाने सेल्फ मारायचा, एकाने केबल धरायची, एकाने आकडा लिहायचा, असं तीन माणसांचं काम आहे.

तीन आकडे मला कळवा : पॉझिटिव्ह वाटेचा, अर्थिंगचा आणि चालू इंजिनवरच्या बॅटरीचा. त्या बोल्टवर किती लग निघाले आणि कोणता काळा पडला होता, तेही लिहा. आकडे बरोबर आले की आधी दिवसा, रिकामी गाडी घेऊन इगतपुरीपर्यंत जाऊन या, दिवे लावून. परत आल्यावर गाडी थंड झाली की खाली जाऊन नटावरची रेघ बघा.